फळीवर रेल्वे, फोटोत डोंगर

मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, चालणारी प्रतिकृती. रूळ, गाड्या, स्थानक, झाडे आणि माणसे असा सगळा देखावा ज्या फळीवर उभा राहतो, त्याला या छंदातली मंडळी ‘लेआउट’ म्हणतात. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात चावीवर धावणारी गाडी आणि तिच्यासोबत जोडता येणारे रूळ मांडले. रुळांच्या रुंदीचे ठरावीक आकारही तिने आखून दिले. तेव्हापासून खेळण्यातली गाडी हळूहळू मोठ्यांच्या छंदाची वस्तू झाली.

गाडी लहान करणे सोपे, भूगोल लहान करणे कठीण. नेरळ ते माथेरान ही छोटी रेल्वे सुमारे २० किलोमीटर धावते आणि या अंतरात साडेसातशे मीटरच्या आसपास चढते. १:७६ या प्रमाणात तिची प्रतिकृती करायची झाली, तर रूळ २६० मीटरांहून लांब लागतील आणि डोंगर जवळजवळ १० मीटर, म्हणजे तीन मजल्यांइतका उंच होईल. घरातल्या टेबलावर या मार्गाचा शंभरेक मीटरांचा एक तुकडाच मावतो. उरलेला डोंगर, दरी आणि आभाळ मागच्या चित्राने दाखवावे लागते.

ही युक्ती जुनी आहे. लुई दागेर याने १८२२ मध्ये पॅरिसला ‘डायोरामा’ उघडला, तेव्हा प्रचंड रंगवलेले पडदे आणि बदलता प्रकाश यांच्या जोरावर प्रेक्षकांना दूरचा देखावा समोर असल्याचा भास होई. याच दागेरने १८३९ मध्ये छायाचित्रणाची पद्धत जगापुढे ठेवली. मराठी रंगभूमीवरही राजवाडा, जंगल, रस्ता हे सारे पडद्यांवरच असे, आणि कोल्हापूरचे आनंदराव व बाबुराव पेंटर हे दोघे अशा पडद्यांसाठी नावाजलेले होते. मॉडेल रेल्वेतही पूर्वी पार्श्वभूमी हातानेच रंगवली जाई. डिजिटल कॅमेरा आणि मोठ्या आकाराची छपाई स्वस्त झाल्यावर तिची जागा छायाचित्राने घेतली. चित्रकलेचा हात नसलेल्या माणसालाही आता खरा सह्याद्री गाडीमागे उभा करता येतो.

मात्र छायाचित्र जितके खरे, तितकी त्याची चूक लवकर उघडी पडते. रंगवलेल्या डोंगराला डोळा बरेच माफ करतो. फोटोतला डोंगर आणि पुढची फळी यांचा प्रकाश, ऋतू, अंतर किंवा नजरेची उंची जुळली नाही, तर भिंतीवर कॅलेंडर टांगल्यासारखे दिसते. म्हणून अशा लेआउटची आखणी फोटोपासून सुरू करावी लागते. ती कशी, हे माथेरानच्या एका छोट्या देखाव्याच्या उदाहरणाने पाहता येईल.

प्रमाण आणि रुळांची रुंदी

मॉडेल रेल्वेत दोन आकडे महत्त्वाचे: प्रमाण आणि गेज. प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पट लहान केली ते, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. जगात सर्वांत जास्त चालणाऱ्या एचओ प्रकारात प्रमाण १:८७ आणि गेज १६.५ मिलिमीटर असते. एन प्रकारात प्रमाण १:१६० आणि गेज ९ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या ओओ प्रकारात प्रमाण १:७६ आहे, पण गेज एचओइतकेच, १६.५ मिलिमीटर.

भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. एचओ प्रमाणात ती १९ मिलिमीटरांच्या थोडी पुढे जाते, त्यामुळे बाजारातल्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर भारतीय गाडी किंचित अरुंद पायांवर उभी राहते. बहुतेक हौशी लोक हा फरक चालवून घेतात. जागेची अडचण मात्र चालवून घेता येत नाही. प्रवासी डब्याची लांबी सुमारे २१ मीटर धरली, तर एचओमध्ये एक डबा जवळजवळ २५ सेंटिमीटरांचा होतो, आणि इंजिनासह चार डब्यांची गाडी छोट्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते.

अरुंद मार्गाच्या रेल्वेत ही अडचण उरत नाही. तिचे डबे आखूड, इंजिने छोटी, वळणे तीव्र आणि वेग कमी. माथेरानच्या रेल्वेचे गेज ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. १:७६ प्रमाणात ते ८ मिलिमीटर येते. एन प्रकारासाठी बनणारी ९ मिलिमीटरची इंजिनाची यंत्रणा आणि चाके येथे वापरता येतात आणि फरक अवघा एका मिलिमीटरचा राहतो. ब्रिटनमध्ये या जोडणीला ‘ओओ-९’ असे नाव असून तिच्यासाठी योग्य अंतरावर स्लीपर बसवलेले तयार रूळ मिळतात. इंजिनाचे खालचे यंत्र एन प्रकारातले घ्यायचे आणि वरचा सांगाडा कार्ड, प्लास्टिक शीट किंवा थ्रीडी प्रिंटमधून करायचा, ही या छंदातली नेहमीची वाट आहे.

देखावा कोणता निवडायचा

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली माथेरानची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान ही तिची स्थानके. चढ काही ठिकाणी वीसात एक इतका तीव्र आहे आणि गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरांच्या आसपास असतो. सुरुवातीची वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची होती. तीव्र वळणांवर फिरता यावे म्हणून त्यांच्या टोकाच्या आसांना थोडी हालचालीची मुभा ठेवलेली होती. १९८०च्या दशकात वाफेची इंजिने गेली आणि डिझेल उरले. कोणता काळ दाखवायचा, हे आधीच ठरवावे लागते, कारण इंजिन, डब्यांचा रंग, स्थानकावरच्या पाट्या आणि माणसांचे कपडे सगळे त्यावर ठरते.

छोट्या लेआउटसाठी शेवटच्या स्थानकापेक्षा मधले डोंगरातले स्थानक सोयीचे. समजा, १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद फळी घेतली. १:७६ प्रमाणात ती ९१ मीटर लांब आणि ३४ मीटर रुंद जागा दाखवते. त्यात एक मुख्य मार्ग, दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागा), त्यांच्यामधला सुमारे ५० सेंटिमीटरांचा क्रॉसिंग लूप, छोटा फलाट आणि पत्र्याच्या छपराची स्थानकाची इमारत एवढे बसते. खालून आलेली गाडी लूपमध्ये थांबते, वरून आलेली निघून जाते, मग पहिली पुढे सरकते. एवढ्या हालचालीवर लेआउटशी बराच वेळ खेळता येते.

गाड्या कुठून येतात आणि कुठे जातात, याची सोय फळीच्या दोन्ही बाजूंना झाकलेल्या जागेत करायची. तेथे सुमारे ४५ सेंटिमीटरांच्या सरळ रुळांची सुटी पट्टी ठेवतात, तिला कॅसेट म्हणतात. गाडी कॅसेटवर गेली की पट्टी उचलून उलट फिरवता येते. दोन्ही कॅसेट धरून एकूण लांबी २१० सेंटिमीटर होते, म्हणजे भिंतीवरच्या एका फडताळाएवढी.

गाडी देखाव्यातून बाहेर पडते ती जागा झाकण्यासाठी नवशिके सहसा दोन्ही टोकांना बोगदे ठेवतात. माथेरानच्या मार्गावर ‘वन किस टनेल’ म्हणून ओळखला जाणारा एकच छोटा बोगदा आहे, तेव्हा दोन बोगदे येथे खोटे दिसतील. एका बाजूला बोगदा ठेवला, तर दुसऱ्या बाजूला खडकातली खिंड आणि तिच्यावर झुकलेली झाडे हा उपाय बरा. रुळांना चढ द्यायचा असेल, तर वीसात एक या हिशोबाने १२० सेंटिमीटरांत ६ सेंटिमीटर उंची येते. लूपचा भाग मात्र सपाट हवा, नाहीतर उभे डबे आपोआप घरंगळतात.

फोटो कोणत्या बाजूचा

डोंगरातल्या स्थानकामागे दोन प्रकारचे दृश्य असू शकते: दरी किंवा कडा. दरीचा फोटो लावला तर क्षितिजाची रेषा दिसते, आणि तिथे अडचण सुरू होते. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. माणूस उभा राहिला की त्याचे डोळे फळीच्या वर ३० सेंटिमीटर असतील, तर फोटोतले क्षितिजही फोटो चिकटवण्यासाठी मागे उभ्या केलेल्या पाठफळीवर ३० सेंटिमीटर उंचावर यायला हवे. पाठफळीच ४० सेंटिमीटरांची असेल, तर आभाळाला जागा उरत नाही. क्षितिज खाली घेतले, की दरी पुढे कलंडल्यासारखी दिसते.

मागे डोंगर असला, तर क्षितिज त्याच्याआड जाते आणि ही अडचण बरीच हलकी होते. म्हणून छोट्या लेआउटमध्ये पाहणाऱ्याला दरीच्या बाजूला उभे करावे आणि गाडीमागे चढ व कडे दाखवावेत.

डोळ्यांच्या उंचीचा हिशोब तरीही सुटत नाही. फळीच्या वर ३० सेंटिमीटरांवरून पाहणे म्हणजे १:७६ प्रमाणात जमिनीपासून जवळजवळ २३ मीटर उंचीवरून पाहणे. रस्त्यावर उभे राहून काढलेला फोटो या नजरेशी जुळत नाही. तो समोरच्या टेकाडावरून, इमारतीच्या गच्चीवरून किंवा मार्गाच्या वरच्या वळणावरून काढावा. दुसरा उपाय फळी उंच ठेवण्याचा. फळी छातीच्याही थोडी वर, खांद्यांच्या जवळ असली, की डोळा रुळांच्या जवळ येतो आणि फोटोही जास्त खरा वाटतो.

प्रकाशाचा विचार दिशेशी बांधलेला आहे. माथेरानचे पठार नेरळच्या पश्चिमेला आहे. नेरळच्या बाजूने डोंगराकडे पाहणारा पश्चिमेकडे पाहतो, त्यामुळे सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि कडे उजळतात. दुपारनंतर तोच डोंगर काळा पडतो. लेआउटवरचे दिवे पुढच्या बाजूला वर असतात, म्हणजे फळीवर सावल्या मागे पडतात. सकाळच्या फोटोत सावल्यांची दिशा हीच असते. सूर्य अगदी पाठीमागे असण्यापेक्षा किंचित बाजूला असावा, म्हणजे डोंगराच्या घड्या दिसतात.

ऋतूही तितकाच महत्त्वाचा. पावसाळ्यातला हिरवागार, धबधब्यांचा डोंगर सर्वांना मोहात पाडतो. पण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटातला भाग बंद असतो आणि गाडी फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच धावते. घाटातल्या स्थानकावर गाडी उभी आणि मागे आषाढातले ढग, हे चित्र माहीतगाराला खटकेल. एप्रिल-मे महिन्यांत हवा धुरकट असते आणि डोंगर करपलेला. पाऊस संपल्यानंतरचे, दिवाळीच्या आसपासचे दिवस सर्वांत सोयीचे. हवा स्वच्छ, झाडे हिरवी, गवत पिवळे पडू लागलेले. पुढच्या फळीवरही मग हेच रंग वापरायचे.

फोटो काढण्याची पद्धत

१२० सेंटिमीटरांच्या फळीमागे सरळ पाठफळी उभी केली, तर दोन्ही कोपऱ्यांत उभ्या रेषा दिसतात आणि आभाळाला कोपरा आल्यासारखे होते. म्हणून कोपरे गोल करतात. कोपऱ्याची त्रिज्या २० सेंटिमीटर घेतली आणि दोन्ही बाजूंच्या भिंती फळीच्या पुढच्या कडेपर्यंत आणल्या, तर पाठफळीची एकूण लांबी सुमारे १९३ सेंटिमीटर होते. उंची ४० सेंटिमीटर धरली, तर रुंदी उंचीच्या जवळजवळ पाचपट. एका फोटोत एवढे रुंद दृश्य नीट येत नाही. शेजारशेजारचे अनेक फोटो काढून ते जोडावे लागतात.

मोबाइलचा पॅनोरामा या कामाला पुरत नाही. हात हलला की डोंगराची धार तुटते, आणि उजेड बदलला की आभाळावर पट्टे येतात. कॅमेरा तिपाईवर उभा लावून सुटे फोटो काढावेत. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स उभी धरली, तर एका फोटोत आडवे २७ अंश मावतात. शेजारच्या फोटोंमध्ये सुमारे ३० टक्के भाग समान ठेवला, तर पाच फोटोंत १०० अंशांचे दृश्य पुरे होते. पाचही फोटोंसाठी उजेड, फोकस आणि रंगछटा यांची मांडणी एकच ठेवायची, कॅमेऱ्यावर स्वयंचलित काही सोडायचे नाही. पोलरायझर फिल्टर काढून ठेवावा. रुंद दृश्यात तो आभाळाचा एक भाग गडद आणि दुसरा फिकट करतो. असे फोटो जोडण्यासाठी ‘हगिन’ आणि दुरुस्तीसाठी ‘गिंप’ ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

१५० डीपीआयने, म्हणजे इंचाला १५० ठिपके या दराने छापायचे झाले, तर १९३ गुणिले ४० सेंटिमीटरांच्या पट्टीला साधारण ११,४०० गुणिले २,३६० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातले पाच फोटो जोडल्यावर यापेक्षा बरेच जास्त पिक्सेल हाती येतात आणि वरचा-खालचा नको तो भाग कापता येतो.

सर्वांत जास्त चुका जवळच्या वस्तूंनी होतात. वरच्या हिशोबाने पाठफळीवर एक अंश म्हणजे सुमारे १.९ सेंटिमीटर. १० मीटर उंच झाड २०० मीटरांवर असेल, तर ते छापल्यावर ५ सेंटिमीटरांच्या थोडे वर भरते. तेच झाड ५० मीटरांवर असेल, तर जवळजवळ २२ सेंटिमीटरांचे होते. आणि फळीवर, म्हणजे त्याच्याही पुढे, १० मीटरांचे मॉडेल झाड १३ सेंटिमीटरांचे असते! मागचे झाड पुढच्यापेक्षा मोठे दिसले, की सगळा देखावा कोसळतो. म्हणून फोटोत १०० मीटरांच्या आतले काहीही नको. विजेचे खांब, वाहने, माणसे आणि जवळची घरेही नकोत. ती असलीच, तर संगणकावर पुसून टाकावीत किंवा त्यांच्यापुढे मॉडेलमधली झाडी येईल अशी आखणी करावी.

फोटो जसाच्या तसा छापला, तर तो पुढच्या मॉडेलपेक्षा भडक दिसतो. दूरच्या वस्तू हवेतल्या धुळीमुळे आणि बाष्पामुळे फिकट व निळसर दिसतात. ती छटा थोडी वाढवावी लागते. रंगांची तीव्रता कमी करायची, काळ्या सावल्या करड्या करायच्या, एकूण चित्र थोडे उजळ करायचे आणि तीक्ष्णपणा किंचित उतरवायचा. डोळा अशा वेळी आपोआप पुढच्या गाडीवर स्थिरावतो.

छपाई आणि पाठफळी

मोठ्या छपाईला जाण्याआधी घरच्या प्रिंटरवर फोटोचे ए-४ आकाराचे तुकडे पूर्ण मापात छापून चिकटवावेत आणि फळीमागे काही दिवस उभे करावेत. डोंगर फार मोठा, आभाळ फार कमी, झाड चुकीच्या जागी, असे दोष याच वेळी कळतात, आणि ते सुधारण्याचा खर्च कागदापुरताच असतो.

फ्लेक्स आणि व्हिनाइल छापणारी दुकाने आता तालुक्याच्या गावीही आहेत. त्यांचा नेहमीचा फ्लेक्स येथे कामाचा नाही. तो चकाकतो, त्यावर दिव्याचे डाग पडतात आणि जवळून त्याची वीण दिसते. मागे गोंद असलेले मॅट व्हिनाइल घ्यावे आणि लॅमिनेशन करायचे असेल तर तेही मॅटच सांगावे. रोल लांबीच्या दिशेने चालत असल्याने १९३ सेंटिमीटरांची पट्टी सलग, जोडाविना छापून मिळते. कापण्यासाठी चारही बाजूंना दोन सेंटिमीटर जादा ठेवावेत. आधी एक छोटा तुकडा नमुना म्हणून छापून घेणे शहाणपणाचे, कारण पडद्यावरचा हिरवा आणि छपाईतला हिरवा सहसा वेगळे निघतात. हा नमुना लेआउटच्या दिव्याखाली धरून तपासायचा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नव्हे.

पाठफळीसाठी दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड चांगला. तो हलका असतो, दमटपणाने फुगत नाही आणि कोपऱ्यात अलगद वाकतो. व्हिनाइल चिकटवताना बोर्डावर साबणाचे पाणी हलके फवारले, तर पट्टी सरकवून जागेवर आणता येते. मग मधून कडांकडे प्लास्टिकच्या पट्टीने पाणी आणि हवेचे फुगे बाहेर काढायचे. बोर्ड सपाट असतानाच हे काम करावे आणि तो नंतर वाकवावा.

आणखी खोली हवी असेल, तर फोटोचे थर करता येतात. आभाळ मागच्या बोर्डावर, दूरची रांग वेगळी छापून डोंगराच्या धारेवर कापलेली आणि एक-दोन सेंटिमीटर पुढे बसवलेली. कापलेल्या सनबोर्डाची पांढरी कड करड्या-हिरव्या रंगाने बुजवली नाही, तर ती दिव्याखाली रेघेसारखी चमकते.

फळी, रूळ आणि वीज

फळीसाठी ९ किंवा १२ मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लायवूड आणि खाली लाकडी रिपांची चौकट लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात साधे लाकूड ओल धरते, वाळल्यावर आकसते आणि रुळांचे जोड हलतात. कडांना आणि खालच्या बाजूला वॉर्निश लावल्यास हा त्रास कमी होतो. रुळांच्या जोडांत केसभर फट ठेवली, तर उन्हाळ्यात ते उचलत नाहीत.

रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. पितळी रुळांवर चढणारा थर वीज अडवतो, आणि ते सतत घासावे लागतात. इंजिनाला १२ व्होल्टपर्यंतची डीसी वीज रुळांतून मिळते. केवळ जोडपट्ट्यांवर भरवसा न ठेवता रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून वायर जोडावी. दोन गाड्या आळीपाळीने चालवायच्या, तर लूपचे दोन्ही मार्ग विजेच्या दृष्टीने वेगळे करून प्रत्येकाला स्विच द्यावा लागतो. डीसीसी या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनात छोटा डीकोडर असतो आणि एकाच रुळावरच्या दोन इंजिनांना वेगवेगळी आज्ञा देता येते. एवढ्याशा लेआउटला साधा डीसी कंट्रोलर पुरतो, फक्त तो अगदी हळू वेग नीट सांभाळणारा हवा. ताशी २० किलोमीटर म्हणजे १:७६ प्रमाणात सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर. १२० सेंटिमीटरांचा देखावा पार करायला गाडीला १६-१७ सेकंद लागले पाहिजेत. वेग खरा ठेवला, तर छोटी फळीही लांब वाटते.

माती, खडक आणि झाडी

दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या हातांना या कामाचे अर्धे तंत्र आधीच येते. उतारासाठी थर्माकोलचे तुकडे एकावर एक चिकटवून कोरतात. त्यासाठी पांढरा फेव्हिकॉलच वापरावा, कारण सॉल्व्हंट असलेले गोंद आणि स्प्रे रंग थर्माकोल विरघळवतात. कोरलेल्या उतारावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि मग प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर देतात.

खडकाचा आकार ठरवताना भूगर्भाकडे पाहावे. सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्याचे कडे आडव्या पायऱ्यांसारखे दिसतात. आल्प्समधल्या टोकदार सुळक्यांचे साचे परदेशी कंपन्यांकडून मिळतात, पण ते येथे लावले तर मागचा फोटो त्यांना लगेच खोटे ठरवतो. माथेरानच्या पठारावर जांभा दगड आणि लाल माती आहे, खालच्या उतारांवर खडक काळपट. स्थानक कोणत्या उंचीवरचे आहे, त्यानुसार मातीचा रंग निवडावा.

खरी माती उन्हात वाळवून, बारीक चाळणीने चाळून वापरता येते. जांभ्याच्या मातीत लोहाचे प्रमाण मोठे असते, म्हणून ती पसरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवून त्याला चिकटणारे कण काढावेत. ते मोटरमध्ये ओढले गेले, तर इंजिन बिघडते. रुळांखालच्या खडीसाठी चाळलेली दगडाची बारीक कच चालते. माती आणि खडी कोरडीच पसरून नीट करायची, पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि मग निम्मे पाणी मिसळलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, की मिश्रण कणांवर गोळा न होता आत उतरते.

गवतासाठी काथ्या बारीक कापून, झाडांच्या पानोऱ्यासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा, आणि फांद्यांच्या जाळीसाठी वाळलेल्या घोसाळ्याचे तंतू असे घरचे साहित्य उत्तम चालते. तांब्याच्या वायरी पिळून खोड आणि फांद्या होतात. रंग मात्र डब्यातून थेट लावू नयेत. छापलेल्या फोटोचा नमुना हाताशी ठेवून त्यातल्या मळकट हिरव्या आणि तपकिरी छटा कालवाव्यात. पुढे रंग किंचित ताजे, मागे फोटोकडे जाताना फिकट.

जोड आणि प्रकाश

फळी आणि फोटो जिथे भेटतात, ती रेषा लपवण्यावर सगळे अवलंबून असते. जमीन फोटोला काटकोनात भिडू देऊ नये. तिला शेवटच्या काही सेंटिमीटरांत थोडा उंचवटा द्यावा आणि त्यामागे खोलगट फट ठेवावी. उंचवट्यावर झुडपे असली, की डोळा त्यांच्यावरून सरळ फोटोतल्या जंगलात जातो. रस्ता किंवा ओढा फोटोपर्यंत नेण्याचा मोह टाळावा. तो इमारतीच्या किंवा खडकाच्या मागे वळवून संपवावा. मोठ्या वस्तू पुढे आणि लहान मागे ठेवल्या, तर ४५ सेंटिमीटरांची रुंदी दुप्पट भासते.

उंच झाड किंवा इमारत पाठफळीला खेटून ठेवली, तर तिची सावली आभाळावर पडते. आभाळावर सावली हा फसगत उघडी पाडणारा सर्वांत ठळक दोष. तो टाळण्यासाठी उंच वस्तू आणि फोटो यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि दिवे पुढच्या कडेच्या वर, लांबवर पसरलेले लावावेत. चार ते पाच हजार केल्व्हिन रंगतापमानाच्या आणि रंग खरे दाखवणाऱ्या, म्हणजे ९० च्या वर सीआरआय असलेल्या एलईडी पट्ट्या योग्य. पुढे वरच्या बाजूला एक आडवी पट्टी लावली, तर दिवेही झाकले जातात आणि फोटोची वरची कडही. रंगमंचाची झालर हेच काम करते.

शेवटची तपासणी कॅमेऱ्याने करावी. मोबाइल फळीवर, फलाटावरच्या माणसाच्या उंचीला ठेवून फोटो काढला, की उघडी फट, वाकडे झाड, चकाकणारा कोपरा हे सगळे लगेच दिसते.

देखभाल

धूळ हा लेआउटचा मोठा शत्रू. काम नसेल तेव्हा कापड किंवा प्लास्टिकचे आवरण टाकावे. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसावेत. फोटोवर थेट ऊन पडू देऊ नये, कारण काही वर्षांत छपाईचे रंग उतरतात आणि पुढची जमीन व मागचा डोंगर यांची जुळणी बिघडते. मूळ डिजिटल फोटो आणि छपाईची माहिती जपून ठेवली, तर नवी पट्टी पुन्हा छापता येते. पाठफळी स्क्रूने बसवावी, गोंदाने नव्हे.

मोठे काम कसे असते, ते पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय आहे. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयात एचओ प्रमाणातले शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गचे मिनिआटुर वुंडरलँड २००१ पासून याच प्रमाणात, पण प्रचंड आकारात उभे आहे. तेथे जागा आणि माणसे भरपूर आहेत. फडताळाएवढ्या जागेत काम करणाऱ्याने खर्चाचा क्रम वेगळा ठेवावा: आधी योग्य ऋतूतला, योग्य उंचीवरून काढलेला फोटो, मग त्याला साजेसे दिवे आणि जमीन, त्यानंतर रूळ, आणि इंजिन सर्वांत शेवटी. बहुतेक नवशिके याच्या उलट जातात. त्यांच्याकडे देखणे इंजिन असते, पण त्याला जायला गाव नसते.